साखरपुड्याचा जनरेटर

भूतलावर ऊन फक्त कोंबडीलाच लागतं, बाकीचे जीव उगाच कांगावा करतात, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. साक्रीजवळच्या त्यांच्या गावी मी उन्हाळ्यात गेलो, की गार पाण्याची पहिली बादली शेडकडे जाते आणि माझा तांब्या नंतर येतो. "तुले घाम येस, भाऊ. कोंबडीले येत नही. ती तोंड उघाडीसन नुसत्या धापा टाकस," हे वर ऐकून घ्यायचं. शेडमध्ये अजून दोनशे मावतील, असं शेजारी म्हणाला, तर त्याला म्हणे, "तुना घरमा दोनशे पाव्हना ठेव, मंग बोल." अनोळखी कपड्यांना कोंबड्या बुजतात, म्हणून आत जायला दोनच विटके निळे सदरे. एक त्यांचा, एक लेकीचा.

त्याच लेकीचा साखरपुडा गेल्या मे महिन्यात दारात होता. ऐन बाराला वीज गेली. मांडवातले कूलर भाड्याच्या जनरेटरवर चालू राहिले, पण शेडचे पंखे थांबले. अंगठीचं तबक माझ्या हाती कोंबून साडू धावले, मीही मागे गेलो. आत एकही कोंबडी ओरडत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली. सगळ्या ओल्या भिंतीशी एकमेकींवर चढल्या होत्या आणि खालच्या गुदमरत होत्या. साडूंनी परत येऊन भर मांडवातून जनरेटर ओढून नेला. कूलर बंद पडले. धुळ्याहून आलेले व्याही घाम पुसत म्हणाले, "यांना मुलीपेक्षा कोंबड्या लाडक्या दिसतात." बायकोने मला असा चिमटा काढला, जणू तो जनरेटर मीच पळवला होता.

साडू तिकडे वायर जोडेपर्यंत नवरी मुलगी शालूवर सदरा चढवून शेडमध्ये शिरलीसुद्धा. एकेक कोंबडी पोटाखाली मेंदीचे हात घालून उचलायची, लांब नेऊन ठेवायची. व्याही जाळीपाशी येऊन बराच वेळ बघत राहिले. काही कोंबड्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. "मुहूर्त संध्याकाळचा धरू," व्याही म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला.

लग्न होऊन लेक आता पुण्याला असते. यंदाच्या मे महिन्यात मी साडूंकडे होतो, तेव्हा भर दुपारी तिचा फोन आला. "आबा, लाइट शे ना?"

"शे, बेटा," साडू म्हणाले. वीज नुकतीच गेली होती.

फोन ठेवून त्यांनी आपला सदरा चढवला आणि लेकीचा माझ्याकडे टाकला. मी म्हटलं, "मला बुजतील ना?"

"त्या सदराले वळखतस. चाल. आनि तिले सांगू नको, जिवाले घोर लाईसन बसी."

सदऱ्याच्या बाहीवर मेंदीचा डाग अजून होता. वर्षभर त्यांनी तो धुतलाच नव्हता.