बाबांचा जागा कॉम्प्युटर

सिहोऱ्याच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर दसऱ्यापासून झोपेना. स्लीपवर टाकला की स्क्रीन काळी व्हायची आणि बाबा खुर्चीतून उठेपर्यंत पुन्हा लख्ख. हा कॉम्प्युटर पुण्याला असलेल्या माझ्या धाकट्या भावानं घेऊन दिलेला, म्हणून त्याच्या दुखण्यावर औषधही त्यालाच विचारायचं. मी घरातच असतो, धानाची खाचरं, आमच्या बांध्या, बघतो, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणतो. पण मला विचारावं हे त्यांच्या मनातही येत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. एरवी सणावारीच फोन करणारा माणूस, आता नेमानं हजर. तो तिकडून सांगणार, मी टेबलाखाली शिरून वायरी काढणार, लावणार. सेटिंग बदलून झाली, अपडेट टाकून झाले, फरक काडीचा नाही. तरी बाबा फोनकडे बघून म्हणाले, "तुले समजते तसं इथं कोनाले समजत नाही, बेटा."

मी टेबलाखालीच होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेल्यावर मीच माऊस धरला. हात काढला तरी स्क्रीनवरचा बाण थरथरत होता. बाबांचा हात मुळातच कापरा, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. माऊस उलटा केला. पोटाशी जिथं लाल दिवा जळतो तिथं कुंकू, आणि त्यात चिकटलेला अक्षतेचा एक दाणा. दसऱ्याला बाबांनी कॉम्प्युटरची पूजा केली होती. जिथं उजेड तिथंच याचा जीव, म्हणून टिळा तिथं. त्यामुळं माऊस कुणी हलवतंय असं समजून कॉम्प्युटर जागा होत होता. मी दाणा काढला, ओल्या फडक्यानं पुसलं. कॉम्प्युटर गुमान झोपला.

मला वाटलं होतं, आता तरी शाबासकी मिळेल. संध्याकाळी बाबांनी भावाला कळवलं. तो बरं झालं म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा कॉल आला नाही, त्यानंतरही नाही. बाबा काळ्या स्क्रीनसमोर फोन घेऊन बसायचे.

शेवटी एकदा मला म्हणाले, "राहू द्याचा होता तो दाना. कॉम्प्युटर जागा होता तं काय बिघडत होतं? तो रोज फोन तं करे."

मी उठलो. चपला घालून बांधीकडे निघालो. मी पुण्याला असतो, तर माझ्या फोनसाठी बाबांनी घरातलं काय बिघडू दिलं असतं, एवढंच डोक्यात घोळत होतं.