वाळेपर्यंत

इस्त्रीवाल्या बाईला बंदराच्या भिंतीची मनापासून शिसारी होती. शेवाळ, थुंकी, कुजक्या मासळीचा वास, आणि त्यात उजाडायच्या आधीपासून ठाण मांडून उभे असलेले पुरुष. माकलीचं तर नाव काढलेलं तिला खपत नसे. लिबलिबीत अंग, बटणासारखे डोळे, आणि पाण्याबाहेर काढली की काळ्या शाईची पिचकारी. ती शाई नवऱ्याच्या सदऱ्यांवरून काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सगळ्या गल्लीला परीटघडीचे कपडे हिने पुरवायचे, आणि घरचा माणूस मात्र कायम डागाळलेला.

आता तीच गळाची काठी धरून तिथे उभी होती. नवरा जिन्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून पांघरुणात तोंड खुपसून पडून होता. डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितलं, तर म्हणे, कशाला? ती बंदरावरून परतली की तो एवढंच विचारी, "जागा आहे ना?" ती हो म्हणाली, तरच मुकाट्याने पाय उचलायला लागे.

त्या जागेचा नियमही गलिच्छच. ज्याच्या माकलीची शाई कठड्यावर दिसते, त्याची ती जागा. डाग गेला की कुणीही यावं आणि उभं राहावं. नवऱ्याचा डाग उन्हापाण्याने चहाच्या ओघळाइतका फिका झाला होता. शेजारचा चष्मेवाला, नवऱ्याचा जुना दोस्त, रोज आपली बादली वीतभर इकडे सरकवत होता. वर तोंड भरून वहिनी, वहिनी. माकलीपेक्षा तिला त्याचीच जास्त किळस यायची.

आज त्याने गोड हसून सांगूनच टाकलं की डाग काही राहिला नाही, उद्यापासून इथे माझा मेहुणा उभा राहील, तुमचीही या घाणीतून सुटका. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुटका तिला हवीच होती, ते काही खोटं नव्हतं. पण घरी जाऊन सांगायचं काय?

तिने काट्यांचा झुपका लावलेली खोटी कोळंबी पुन्हा पाण्यात टाकली, खोल जाऊ दिली, आणि नवऱ्याने अंथरुणातून झाडू हलवून शिकवलं होतं तसे झटके दिले. बराच वेळ नुसतं शेवाळच आलं. उन्हं चढली, मंडळी सामान आवरू लागली. मग एकदम दोरी जड झाली, बादलीतून भिजलेली चादर उपसावी तशी. तिने हिसका दिला नाही की दोरी सैल सोडली नाही. दातओठ खात ती ओढत राहिली.

माकली कठड्यावर आली आणि तिने आपलं काम चोख केलं. शाई दगडावर उडाली, बाईच्या बाहीवर, गालावर, थोडी ओठांवरही. बाई थुंकली आणि तिने माकलीला, नवऱ्याला, आपल्या नशिबाला मनसोक्त शिव्या घातल्या.

तेवढ्यात चष्मेवाला भरलेली बादली घेऊन हजर.

"अरेरे वहिनी, केवढी ही घाण. सरका, मी धुऊन टाकतो."

ओला डाग किती सहज जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती पुढे झाली आणि डागाच्या समोर, त्या बुळबुळीत दगडांवर, धुतल्या कपड्यांनिशी फतकल मारून बसली.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "आमची घाण आहे. वाळेपर्यंत मी इथेच बसते."