ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली तेव्हा

आमच्या डेपोत तिला पाठीमागे सगळे फुंकबाई म्हणायचे आणि तोंडावर ताई. सकाळच्या पाळीच्या ड्रायव्हरांनी गाडीची किल्ली घ्यायच्या आधी तिच्या खिडकीपाशी थांबायचं आणि दारू ओळखणाऱ्या, हातात मावेल एवढ्या यंत्राच्या नळीत फुंकायचं, असा नियम होता. हिरवा दिवा लागला की किल्ली. लाल लागला की आल्या पावली घरी.

मी तेव्हा कंडक्टर होतो आणि तिच्या धाकट्या भावाच्या गाडीवरच माझी ड्यूटी असायची, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

हे काम तिने मागून घेतलं होतं. आधी ती तिकीट खिडकीवर होती. यंत्रावर तेव्हा दोघे पुरुष पाळीपाळीने बसायचे. एकाला ड्रायव्हरांनी दम भरला होता आणि दुसरा त्यांच्याच बैठकीतला गडी. ही सरळ मॅनेजरसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, मला कुणाशी दोस्ती करायची नाही आणि माझ्या अंगावर कुणी येणार नाही, यंत्र माझ्याकडे द्या. साहेबांनी दिलं. लग्न तिने केलं नव्हतं. वडील लवकर गेले, आई शिवणकाम करायची आणि धाकटा हिच्या कडेवर वाढला. तो मोठा झाला, आमच्याच डेपोत ड्रायव्हर झाला आणि नाव काढलं. त्याचा हातच असा होता की घाटाच्या वळणावर म्हातारी माणसं डुलक्या घेत असायची.

प्यायला तो बसायचा. बहुतेक सगळेच बसायचे. पण दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायचं की ज्याने जास्त घेतली तो स्वतःच फोन करायचा, पोट बिघडलंय, आज जमणार नाही. पोट कशाने बिघडलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. दुसरा ड्रायव्हर मिळायचा, गाडी निघायची.

मग त्या गोळ्या आल्या.

धाकट्याच्या मेव्हण्याने त्याला एका हॉटेलातल्या सभेला नेलं होतं. तिथून तो नारिंगी पाकिटांचं खोकं घेऊन आला. पाकिटावर पांढरेशुभ्र दात दाखवणारा माणूस आणि मागे उगवता सूर्य. आत जीवनसत्त्वं, क्षार आणि कसल्याशा मुळीचा अर्क. पहिल्या पेल्याआधी दोन घ्यायच्या, झोपताना दोन आणि वर बाटलीभर पाणी. सकाळी डोकं फुलासारखं हलकं, असं सांगत धाकटा ती पाकिटं विकत सुटला. मीही घेतल्या. डोकं खरंच कमी दुखलं. गोळ्यांनी की त्या बाटलीभर पाण्याने, ते देव जाणे.

महिन्याभरात डेपोत ज्याच्या त्याच्या खिशात पाकीट. चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. जे दोन पेल्यांवर उठायचे ते चौथ्यापर्यंत बसू लागले, कारण उद्याची काळजी मिटली होती. पोट बिघडल्याचे फोन बंद झाले. मॅनेजरसाहेब खूश, हजेरी भरगच्च.

आणि ताईच्या खिडकीत लाल दिवे लागायला लागले.

दाढी केलेली, केस विंचरलेले, डोळे स्वच्छ असे गडी समोर उभे राहायचे, फुंकायचे आणि लाल. पहिल्यांदा तेच चक्रावले. यंत्र बिघडलंय म्हणाले. ताईने दुसरं यंत्र मागवून घेतलं. त्यातही लालच. मग कुरकुर वाढली. बायकांच्या हातात अधिकार दिला की असंच व्हायचं, असंही एकाने ऐकवलं. तिने त्याला नळी बदलून दिली आणि पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा लाल.

धाकट्याने तिला घरी जाऊन समजावून पाहिलं. डोकं दुखत नाही, हात थरथरत नाही, मग अडवतेस कशाला, असं त्याचं म्हणणं. तिने त्याला सांगितलं की तुझ्या गोळीने डोकेदुखी उतरते, दारू उतरत नाही. डोकं दुखणारा माणूस घरी झोपतो. तुमचं दुखत नाही म्हणून तुम्ही किल्ली मागता. धाकटा म्हणाला, पाकिटावर तसं काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, लिहिणारा तुझ्या गाडीत बसत नाही.

गाड्या रद्द व्हायला लागल्या तसे साहेब वैतागले. त्यांच्याही टेबलाच्या खणात नारिंगी पाकीट होतं, मी पाहिलेलं. त्यांनी नवा हुकूम काढला. जो सरळ चालतो आणि नीट बोलतो तो तंदुरुस्त धरायचा. यंत्र फक्त संशय आला तर, आणि संशय कुणाचा घ्यायचा ते साहेब ठरवणार. ताईने विचारलं, मग मी इथे कशाला बसू? साहेब म्हणाले, किल्ल्या वाटायला.

पुढच्याच सोमवारची गोष्ट. आदल्या संध्याकाळी एका जुन्या ड्रायव्हरच्या निवृत्तीची पार्टी झाली होती. आमची गाडी घाटापलीकडे जाणारी, सगळ्या सीटा भरलेल्या. धाकटा शीळ घालत आला, साहेबांसमोर चार पावलं चालून दाखवली आणि खिडकीपाशी येऊन किल्ली मागितली. ताईने यंत्र पुढे केलं. तो हसला. साहेबांना विचार, म्हणाला, आणि खिळ्यावरची किल्ली स्वतःच हात घालून काढून घेतली.

यंत्र पदराखाली धरून ताई खिडकीतून उठली, आवार ओलांडून आमच्या गाडीपाशी आली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि वर चढून त्याच्या सीटवर बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिला फक्त बसायचं होतं.

धाकटा आला आणि दारात थबकला.

“ताई, ऊठ. लोक बघताहेत.”

“बघू देत.”

“मला काही झालेलं नाही. तू बघ माझ्याकडे. मी प्यालेला दिसतो का?”

“दिसत नाहीस. म्हणूनच बसलेय.”

साहेब धावत आले. आधी समजावलं, मग आवाज चढवला, नोकरी जाईल म्हणाले. ती समोरच्या काचेतून बघत राहिली. जायची तर जाऊ दे, म्हणाली, पण ही गाडी माझ्या भावाने आज काढली तर माझ्या अंगावरून काढेल.

आत प्रवासी चुळबुळायला लागले. कुणाला दवाखाना गाठायचा होता, कुणाला लग्न. मागून एकजण ओरडला की घरची भांडणं घरी करा. तेव्हा ताई सीटवरच वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. हा माझा सख्खा भाऊ आहे, याच्यासारखा ड्रायव्हर या डेपोत दुसरा नाही आणि काल संध्याकाळी हा प्यायला बसला होता. दारू उतरलीय की नाही ते मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. या यंत्राला माहीत आहे आणि त्यात फुंकायला तो तयार नाही. एवढं सांगून ती पुन्हा पुढे वळली.

पहिल्या रांगेत बाळंतपण आटोपून सासरी निघालेली एक मुलगी होती, मांडीवर तान्हं मूल. ती धाकट्याला अगदी साधेपणाने म्हणाली, “दादा, फुंका ना मग. तेवढ्याने काय होतंय?”

धाकट्याने यंत्र ओढून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आपण ठणठणीत आहोत यावर त्याचा खरोखर विश्वास होता. छाती भरून त्याने श्वास घेतला आणि शेवटपर्यंत फुंकलं.

दिवा लाल लागला. वर किरटी शिट्टीही वाजली.

धाकट्याचा चेहरा पडला नाही, कोरा झाला. आपलंच शरीर आपल्याशी असं कसं वागलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मुलीने बाळ छातीशी धरलं आणि ती उतरली. तिच्यामागे बाकीचेही उतरले. बदली ड्रायव्हर मिळाला नाही आणि गाडी रद्द झाली. आता वाटेल की लोकांनी ताईचे आभार मानले असतील. दोघाचौघांनी मानले. उरलेल्यांनी दुपारच्या गाडीपर्यंत तिलाच शिव्या घातल्या. ती खिडकीत बसून ऐकत होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. धाकटा निलंबित. ताईची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, छत्र्या आणि डबे सांभाळायला. भावजय घरी येऊन भांडून गेली, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास म्हणाली. ताईने तिला पाणी दिलं आणि उत्तर दिलं, पोटावर पाय दिला, त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून आणला नाही. भावजय नंतर बराच वेळ रडत बसली होती, असं त्यांच्या आईने सांगितलं.

त्या दिवशीच्या प्रवाशांपैकी काहींनी वरपर्यंत तक्रार नेली आणि साहेबांचा हुकूम मागे घ्यावा लागला. यंत्र परत आलं, पण ताईला त्यावर बसवलं नाही. दुसरा माणूस नेमला. तेव्हा ती काय करायला लागली, तर आपली खोली उघडण्याआधी फाटकाशी येऊन उभी राहायची. हातात काही नाही, तोंडाने अवाक्षर नाही, नुसती ड्रायव्हरांची रांग बघत उभी. साहेब म्हणाले, हे तुमचं काम नाही. ती म्हणाली, उभं राहायला कुणाची परवानगी लागते ते सांगा, मी घेऊन येते. तो नवा माणूस मला म्हणाला होता की ती असते तेव्हा एखाद्याला सोडून द्यायची माझी छातीच होत नाही.

गोळ्या काही बंद झाल्या नाहीत. अजून मिळतात. धाकट्याने विकणं मात्र सोडलं. कामावर परत आला तेव्हा रांगेत उभा राहिला, फुंकलं, हिरवा लागला. फाटकाशी उभ्या बहिणीकडे न बघता गेला.

दर रविवारी दोघं आईकडे जेवायची. बोलणं आईमार्फत. तुझ्या मुलीला सांग, तुझ्या मुलाला सांग. वर्ष उलटल्यावर एकदा त्यानेच थेट तोंड उघडलं. हे मला ताईनेच सांगितलं.

“सगळ्यांसमोर नको होतं करायला. एवढं तरी मान.”

“नाही मानणार,” ती म्हणाली. “पुन्हा तसा आलास तर पुन्हा बसेन.”

त्याने ताटात बोटं फिरवली. मग म्हणाला, “माहीत आहे मला,” आणि मीठ मागितलं. आईने उचलायच्या आत ताईने मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली.