जागचा न हललेला ढग

आमच्या ताईंना लोक वादळबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. एकोणीस वर्षं मी त्यांची जीप चालवतोय, म्हणून मला सगळं ऐकू येतं. गावात शिरलो की कुणीतरी पुटपुटतंच, "आली बघा. हिच्या पायगुणानंच छपरं उडतात." अरे बाबांनो, छपरं आधी उडतात, मग आम्ही येतो! पण सांगायचं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

ताई हवामान कचेरीत वादळांचा माग काढतात. वादळ येताना रडारच्या पडद्यासमोर, आणि गेल्यावर चिखलात. गळ्यात होकायंत्र, काखेत नकाशा. पडलेलं प्रत्येक झाड कुठल्या बाजूला पडलंय, तसा नकाशावर बाण काढायचा. सगळे बाण एकीकडे तोंड करून असले तर तो नुसता झोडपणारा वारा. बाण एकमेकांच्या अंगावर यायला लागले की समजायचं, टॉर्नेडो होता, जमिनीला टेकलेली ती मोठी वावटळ. असं दिवसाला आठ-दहा मैल चालायचं. बाईंचे गुडघे कधीच कामातून गेलेत. लग्न केलं नाही. घरी म्हातारी आई आहे, ती दुपारी न चुकता फोन करते, "जेवलीस का?" ताई कुणाच्या तरी पडक्या भिंतीवर बसून बिस्किटाचा पुडा फोडत "हो" म्हणतात. मी जवळ असलो तर माझ्याकडे बघत नाहीत.

त्या आठवड्यात आमचं हे तिसरं वादळ होतं. मंगळवारी दुपारी टॉर्नेडो एका गावाच्या कडेवरून गेला. चाळीस घरांची छपरं गेली आणि एक माणूस गेला. म्हातारा सुतार. कारखान्याची भिंत अंगावर आली. गावाला इशारा देणारा भोंगा त्याच्या कारखान्याच्या कोपऱ्यावरच लावलेला होता, पण तो वाजला तेव्हा पत्रे उडायला लागले होते.

आता हा भोंगा का उशिरा वाजला, ते ताईंना अहवालात लिहायचं होतं. त्या गावापासून रडार लांब आहे. त्याची नजर तिथे पोचेपर्यंत ढगाच्या कमरेवरून जाते, पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून ताईंनी गावोगावी एकेक टेहळ्या नेमलाय. त्यानं वर चढून बघायचं, फोन करायचा, मग ताई भोंगा वाजवायला सांगणार. इथला टेहळ्या म्हणजे टाकीवाले काका. पाण्याच्या टाकीवर तीस वर्षं पंप चालवून निवृत्त झालेले. आणि मेलेला सुतार त्यांचाच थोरला भाऊ.

बुधवारी आम्ही गेलो तेव्हा काका टाकीच्या खालच्या पायरीवर बसले होते. दोन दिवसांची दाढी. गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. समोरून जाणारी बाई आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, "वर चढून झोपा काढत असतील."

"झोपलो नव्हतो," काका म्हणाले. "पाहिलं होतं मी. सात मिनिटं त्याच्याकडे बघत उभा होतो."

"मग फोन वेळेवर का नाही केलात?" ताईंनी विचारलं. अगदी हळू.

"तुम्हीच शिकवलंत ना, ताई. काळं काही लोंबताना दिसलं तर टाकीच्या कठड्यावर त्याच्या रेषेत बोट धरून खूण करा. दोन मिनिटांनी पुन्हा बघा. डावीकडे-उजवीकडे सरकलं असेल तरच फोन करा. नाहीतर ती लांबची सर असते, नाहीतर धूर. मी तीनदा खूण केली. ते जागचं हललंच नाही. नुसतं जाड होत गेलं."

ताई तिथूनच मागे वळल्या.

नियम खोटा नव्हता. पूर्वी लोक भट्टीच्या धुरालासुद्धा फोन करायचे, दोनदा उगाच भोंगा वाजला, गाव पोट धरून हसलं, म्हणून तो केलेला. पण ताई जीपमध्ये येऊन बसल्या, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, जे हलत नाही आणि मोठं होत जातं, ते सरळ आपल्यावर येत असतं. माझ्या शिकवायच्या टिपणात शेवटच्या पानावर होतं ते. इथे शिकवलं त्या दिवशी ते पान मी घेतलंच नाही."

मला तो दिवस लख्ख आठवला. ताई फळ्यापाशी, आणि मी दारात किल्ली वाजवत उभा. "आवरा ताई, अंधार पडेल, रस्ता वाईट आहे." मीच म्हणालो होतो. मेली माझी घाई!

"ताई, बोलू नका कुठे," मी म्हणालो. "झाकली मूठ सव्वा लाखाची. लिहा की, ढगामुळे दिसलं नाही. कोण बघायला आलंय?"

"आणि काका? जन्मभर स्वतःला खात बसतील ते."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. मला आता झोप हवी आहे, दादा, आणि असं लिहून ती येणार नाही."

त्या उतरल्या आणि काकांना सगळं सांगितलं. काका पायरीवरून उठले. मग विचारलं, "म्हणजे दुसऱ्या खुणेनंतरच फोन केला असता तर माझा दादा बाहेर आला असता?"

"आला असता."

म्हातारा ढसाढसा रडला. आधी मला वाटलं, आता हा बाईंच्या अंगावर जाणार. पण तो तोंड पुसून म्हणाला, "वहिनीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारतोय."

एकोणीस वर्षांत मी कुणाच्या घरात गेलो नव्हतो. माझी जागा जीपमध्ये. त्या दिवशी ताईंच्या मागून गेलो.

सुताराची बायको खाटेवर बसून नवऱ्याचे सदरे घड्या करत होती. ताई बसल्या नाहीत. दारापाशी उभ्या राहून चार वाक्यांत सांगितलं: तुमच्या दिरांनी मी शिकवलं तसंच केलं, मी अर्धवट शिकवलं, चूक त्यांची नाही, माझी आहे. मी पुढे होऊन म्हणालो, "आणि घाई मी केली होती, वहिनी."

तिनं हातातला सदरा खाली ठेवला. आधी दिराकडे बघितलं. "भाऊजी, आत या. कालपासून पोटात काही नाही तुमच्या." काका आत येऊन तिच्या पायाशी बसले. मग ती ताईंकडे वळली. तिनं शिव्या द्याव्यात, हाकलून लावावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. सुटलो असतो.

"असं अर्धवट आणखी कुठे शिकवलंय?" तिनं विचारलं.

ताईंनी बोटांवर मोजलं. "अकरा गावांत. सगळीकडे शेवटी घाईच व्हायची."

"आणि ती माणसं अजून तसंच बघत उभी राहणार?"

"हो."

"मग माझ्या दारात काय करताय?" ती म्हणाली. "जा ना."