दोन हातोड्या, एक अंगठा

कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी मी माझ्या वडिलांचा अंगठा हातोडीने ठेचला. मुद्दाम नव्हे. मुद्दाम मारला असता तर नेम चुकला असता. त्या दिवशी मी नेम धरून मारलेला एकही घाव जागेवर बसत नव्हता.

आम्ही तेव्हा ऑकलंडला, पापाटोएटोएमध्ये राहायचो. त्र्याण्णव साली पुण्याहून आलो. आई नर्स. तिचं प्रमाणपत्र इथे एका परीक्षेनंतर चाललं. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होते. त्या बावीस वर्षांसाठी इथे परीक्षाच नव्हती, म्हणून ते पेनरोजच्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवत. "आज काय केलंत?" असं विचारलं की म्हणत, "लेबल सरळ लागलं पाहिजे, बस," आणि जेवायला बसत.

फिटर म्हणून त्यांना इथे एकच गिऱ्हाईक होतं : आमची गाडी. जपानमध्ये कुणीतरी वापरून टाकलेली, पांढरी, आम्ही आलो त्याच वर्षी बोटीतून उतरलेली. रविवारी बाबा तिच्याखाली असत. ती बिघडलेली नसली तरी असत. दसऱ्याला तिला हार घालत आणि डाव्या चाकाशी नारळ फोडत. (आईचं म्हणणं, गाडीला गंज लागला तो त्या नारळाच्या पाण्याने. आणि तोही डावीकडेच!)

मला हॅमिल्टनच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बाबांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "वैशूला सोडायला मी जाणार. आपल्या गाडीने."

"बस जाते की हो," आई म्हणाली.

"बसने काय, कुणीही कुठेही जातं! कॉलेजला जातेय ती!"

हॅमिल्टनचा रस्ता म्हणजे हायवेला लागायचं आणि सरळ जात राहायचं. तरी बाबांनी त्याचा नकाशा काढून फ्रिजवर लावला. गाडी दोनदा धुतली. कधी न घातलेला टाय इस्त्री करून घेतला.

गुरुवारी गाडी वॉरंटला नेली आणि ती नापास झाली. (वॉरंट म्हणजे गाडीची सहामाही परीक्षा. आमच्या घरात परीक्षांचा निकाल तोवर बरा होता.) तपासणीवाल्याने पुढचं डावं चाक हलवून दाखवलं. ते दुधाच्या दातासारखं हललं. चाकाला खालून धरून ठेवणारा बॉल जॉइंट झिजला होता.

"म्हणजे नेमकं काय?" आईने विचारलं.

"गोळी आणि तिची वाटी. सगळं चाक त्यावर वळतं."

"खुब्यासारखं?"

"अगदी खुब्यासारखं."

"मग ते घरी नाही करायचं," आई म्हणाली. पण बाबा तोवर खुशीत आले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर खरं काम आलं होतं, आणि रविवारच्या आत करायचं होतं.

घरात फोनवर इंग्रजी बोलायचं काम माझं. शुक्रवारी मी पार्टच्या दुकानात फोन केला. पलीकडच्या माणसाने मॉडेल विचारलं, मग म्हणाला, "कुठल्या वर्षाची गाडी?" मी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "नाइन्टी थ्री." मी एरवी प्रत्येक गोष्टीत अडखळते. (या जागी एक खूण करून ठेवा.)

शनिवारी सकाळी बाबा कारखान्याचा खाकी शर्ट घालून लॉनवर आले. सोबत दोन हातोड्या होत्या. या हातोड्या पुण्याहून विमानातून आल्या होत्या आणि त्यांच्यापायी आईचा पाटा मागे राहिला होता, ही गोष्ट आई दर चटणीच्या वेळी सांगते.

"दोन कशाला?" मी आजवर न विचारलेलं विचारलं.

"एक माझी. एक शिंद्यांची. कंपनीत आम्ही एका बाकावर होतो. निघताना त्यांनी हातात दिली. म्हणाले, तिकडे एकटा काय करशील? दुसरा कुणी भेटला तर त्याला दे." बाबांनी ती माझ्या हातात दिली. "घे."

तिचा दांडा शिंदेकाकांच्या पंजाने झिजून मधोमध बारीक झाला होता. माझा पंजा त्यात बसत नव्हता. मला ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

आधी नट. तो हलेना. पान्याला लांब नळी लावली की जोर वाढतो, हे बाबांनी मला समजावलं आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी आणायला सांगितलं. नट हलला! पण नळीचं केळं झालं. आजही आमच्या घरात कोपऱ्यातली धूळ फार छान निघते.

मग मुख्य काम. त्या जॉइंटचा खुंट निमुळता असतो आणि वरच्या भोकात बुचासारखा रुतून बसतो. त्याला ओढून उपयोग नाही. नट थोडा अडकलेला ठेवायचा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोड्या एकाच क्षणी हाणायच्या. मग तो आपोआप सुटतो. एकाच क्षणी, हे महत्त्वाचं.

"मी एक, दोन म्हणेन. मग हाण म्हणेन."

"तीनला मारायचं?"

"तीन नाहीच आहे. हाण म्हटलं की हाण."

"हाण म्हणताना, की म्हणून झाल्यावर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल त्यांच्या मनात तेव्हाच पहिली शंका आली असावी.

"एक, दोन, हाण!"

त्यांचा घाव पडला. मग माझा पडला. मधल्या वेळात एक माणूस डेअरीत जाऊन दूध घेऊन आला असता.

खरी अडचण अशी की मी मारताना डोळे मिटत होते. दहाव्या घावाला माझी हातोडी खुंटाच्या टोकावर बसली आणि त्याचे आटे चपटे झाले. "हरकत नाही, जुनाच आहे तो," बाबा म्हणाले. विसाव्या घावाला ती चिखलात गेली. पंचविसाव्या घावाला ती अगदी नेमकी बसली. बाबांच्या डाव्या अंगठ्यावर!

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सावकाश विचारलं, "डोळे मिटले होतेस का?"

आई बाहेर आली. तिने अंगठा दोन बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाली, "हाड शाबूत आहे. डोकी कुणाचीच नाहीत." मग तिने आइस्क्रीमची काडी अंगठ्याला लावून वर एवढं बँडेज बांधलं की अंगठा ताठ उभा राहिला. तो वाकेचना.

शेजारचा हेमी कुंपणावरून पाहत होता. रस्तेबांधणीच्या कामावर होता, धिप्पाड माणूस, पायात सदा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. "किया ओरा, जय!" (किया ओरा म्हणजे माओरी नमस्कार. बाबांचं नाव जयवंत.) "मदत हवी? कामावर असले जॉइंट सोडवायचा एक पुलर आहे माझ्याकडे, सोमवारी आणतो."

"नो, नो," बाबा ताठ अंगठा दाखवून म्हणाले. "हीप्स ऑफ हेल्प. माय डॉटर."

हेमीनेही अंगठा दाखवला आणि तो आपल्या पायरीवर जाऊन बसला.

दुपार झाली. उन्हात सिकाडा किरकिरत होते. केटलीचं उकळतं पाणी ओतून झालं, तेल मारून झालं. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हणाले, "बाबा, बसने जाते मी. खरंच."

गाडीखालून फक्त त्यांचा हात दिसत होता, हातोडी धरलेला. मला वाटतं ते दमले होते, किंवा कुठेतरी दुसरीकडे होते. कारण त्यांनी एक म्हटलं नाही, दोन म्हटलं नाही. एकदम म्हणाले,

"शिंद्या, हाण!"

आणि मी हाणलं. डोळे उघडे ठेवून.

दोन घावांचा एकच आवाज आला. तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. खट्‌कन खुंट भोकातून सुटला आणि चाकाचा सगळा भार सैल झाला. बाबा गाडीखालून सरकत बाहेर आले. तोंडावर गंज, आणि ते हसत होते. नुसतं स्मित नव्हे, पोट धरून. "सुटला! वैशू, सुटला ना!" हेमी टाळ्या वाजवत होता. आईने त्या क्षणी शिऱ्याला रवा भाजायला घेतला. आपण मला काय हाक मारली, हे बाबांच्या लक्षातही आलं नाही. मी सांगितलं नाही. मला ती आवडली होती.

मग बाबांनी दुकानातून आणलेलं खोकं उघडलं, नवा जॉइंट काढला, पुसला आणि भोकात घातला.

तो जाईना.

त्यांनी फिरवून पाहिला. जुन्याशेजारी धरून पाहिला. नव्याचा खुंट जाड होता, चांगला दोन सूत जाड. तो कुणीही कितीही हाणला असता तरी जाणार नव्हता. शिऱ्याचा वास लॉनपर्यंत आला होता. दुकान दुपारीच बंद झालं होतं आणि सोमवारी उघडणार होतं. जुना परत बसवावा, तर त्याचे आटे मीच चपटे केले होते.

मी गाडीचे कागद काढले. त्यावर दोन वर्षं होती. गाडी जपानमध्ये बनली ते सत्त्याऐंशी आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली ते त्र्याण्णव. आम्ही त्र्याण्णवला आलो, तीही त्र्याण्णवला आली. त्याआधी तिलाही सहा वर्षं होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझंच माप चुकलं असेल," बाबा म्हणाले. ते नवा जॉइंट हातात फिरवत होते. "सवय गेली माझी."

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते हसून अजून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि मला वाटलं, आत्ता नको. मी कागद परत डिकीत ठेवले आणि शिरा खाल्ला. एवढा वाईट शिरा मी कधी खाल्लेला नाही, आणि त्यात आईचा काही दोष नव्हता.

रविवारी हेमी त्याची यूट घेऊन आला. यूट म्हणजे मागे उघडा हौदा आणि पुढे तीनच माणसांची जागा. हौद्यात माझी गादी, पेटी आणि कुकर चढला. बाबा टाय लावून बाहेर आले.

"मी मागे गादीवर बसतो," ते म्हणाले.

"नाही रे जय, पोलीस धरतील," हेमी म्हणाला.

"तुम्ही पुढे बसा. मी राहते," आई म्हणाली.

"छे, खोली तू लावून दे तिची. आणि गाडी अशी टाकून मी येऊ कसा?" गाडी लॉनवर तीन चाकांवर उभी होती. चौथ्या जागी स्टँड. तिला कुणी पळवून नेणार नव्हतं.

बाबांनी मला वाकून नमस्कार करू दिला आणि ते गाडीशेजारी जाऊन उभे राहिले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हात वर केला. अंगठा वाकत नव्हता, त्यामुळे तो ताठ वर. 'सगळं झकास!' असं म्हणत असल्यासारखा. हेमीने खिडकीतून अंगठा दाखवला. समोरच्या घरातल्या म्हातारीनेही दाखवला. मी वळणापर्यंत मागे पाहत होते, बाबांचा अंगठा तसाच. फ्रिजवरचा नकाशा आईने घडी करून पर्समध्ये घेतला होता. हॅमिल्टनपर्यंत तो कुणी उघडला नाही.

सोमवारी हॉस्टेलच्या ऑफिसात एक फॉर्म भरायचा होता. त्यात पालकांचा व्यवसाय विचारला होता. मी त्या एका रकान्यावर फार वेळ घालवला. शेवटी लिहिलं, 'फिटर', आणि समासात, कुणी न विचारता, 'बावीस वर्षं'. बाकीचा फॉर्म भराभर लिहून दिला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "डिअर, यात तू त्र्याण्णव साली जन्मलीस असं लिहिलंय."

संध्याकाळी व्हरांड्यातल्या फोनच्या रांगेत उभी राहिले आणि घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, तो पार्ट... वर्ष मी चुकीचं सांगितलं होतं. तुमचं माप नव्हतं चुकलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पावतीवर लिहिलेलं होतं की. शनिवारी रात्रीच पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस, मी म्हटलं असू दे." मग म्हणाले, "आज बदलून आणला. बसला. बसवायला काय, एकट्याने जमतं. सोडवायलाच दोघं लागतात."

मी फॉर्मची गोष्ट सांगितली. पलीकडून शनिवारचं ते हसू आलं. पोट धरून.

"म्हणजे तीन वर्षांची पोर," ते म्हणाले, "एवढ्या लांब एकटी राहायला गेली?"

"हो."

ते हसायचे थांबले. "मग रडून घे थोडं. त्या वयात कुणी काही म्हणत नाही."

मी घेतलं. मागे उभ्या असलेल्या मुलीने खांद्याला हात लावून विचारलं, "तू ठीक आहेस ना?"

"स्वीट ॲज," मी म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत 'सगळं झकास', ताठ अंगठा दाखवला, आणि नाक बाहीला पुसलं. तीन वर्षांच्या मुली पुसतात तसंच.