दाजी विक्रीला लागले त्याची गोष्ट

माझे दाजी एकदा तासभर वेबसाइटवर विक्रीला होते. त्यांना तिथं मी लावलं होतं.

अक्का, माझी थोरली बहीण, पैठणला असते. घरात दोन हातमाग. पैठणी ती विणते. रेशीम रंगवणं, ते गुंडाळून कांड्या भरणं हे दाजींचं काम. त्यांची मुलगी पल्लवी पुण्याला नोकरीवर जायच्या आधी त्यांना एक वेबसाइट करून देऊन गेली. त्यात 'आमच्याविषयी' नावाचं पान होतं आणि त्या पानावर एकट्या अक्काचा फोटो. दाजी चार महिने काही बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले, "म्हणजे मी इथं नुसता जेवायलाच आहे म्हणा की."

अक्कानं मला फोन केला. मी संभाजीनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि तिथं दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो. एवढ्या भांडवलावर घरात माझी ख्याती आहे.

"सुरेश, दाजींचा एक फोटो टाक बरं त्याच्यात. लई रुसलेत."

"पल्लवीला सांग ना."

"ती म्हणती, शनिवारी टाकते. तोवर यांचं तोंड मी बघायचं व्हय?"

शुक्रवारी आमची सुट्टी. पल्लवीकडून माझ्या नावाचं खातं आणि पासवर्ड घेऊन सकाळीच बसलो, आणि माझा संताप तिथूनच सुरू झाला. एक फोटो लावायचा, त्यासाठी डावीकडं बावीस नावांची रांग. पान बदलायचं म्हणून 'पाने' उघडलं. तिथं पान होतं, पण फोटो लावायची सोय नव्हती. ती निघाली 'रूपरंग'मध्ये. (दाजींच्या रूपाशी आणि रंगाशी या यंत्राचा काय संबंध?) आणि भाषा तर विचारू नका. 'अद्यतन', 'पूर्वनिर्धारित', 'ठळक प्रतिमा'. माझी मातृभाषा मराठी. पण ही नेमकी कुणाची माता बोलत होती, ते मला कळेना. मजकुरातला एक जादा स्वल्पविराम खोडला, तर 'तुम्हाला खात्री आहे का?' असं मला दोनदा विचारलं. एका स्वल्पविरामासाठी! मी दोनदा खात्री दिली.

शेवटी फोटो चढला. टोपी, पीळ दिलेल्या मिशा, झकास. खाली दोन बटणं: 'जतन करा' आणि 'सर्वत्र लागू करा'. मी विचार केला, दाजी कॉम्प्युटरवर दिसायला हवेत आणि मोबाइलवरही. म्हणजे सर्वत्रच. दाबलं. या वेळी यंत्रानं खात्री वगैरे काही विचारली नाही.

अर्ध्या तासानं अक्काचा फोन.

"सुरेश, काय केलंस तू?"

"दाजी टाकले."

"कुठं कुठं टाकलेस?"

मी वेबसाइट उघडली. अकरा पैठण्या होत्या. अकराच्या अकरा जागी दाजी. 'मोरबांगडी, गर्द जांभळी' या ओळीवर दाजी. 'नऊवारी, दोन्हीकडून सारखी' या ओळीवरही दाजी. आणि प्रत्येकाच्या खाली सूचना: 'अस्सल माल. कडक उन्हात ठेवू नये. घडी अधूनमधून बदलावी.'

"जालन्याच्या बाईंचा फोन होता," अक्काचा आवाज बारीक झाला होता. "लग्नाच्या तीन पैठण्या आज घरात बसून ठरवणार होते ते लोक. म्हणल्या, ताई, आम्हाला तर सगळीकडं एक मिशीवाले गृहस्थच दिसायलेत. ही ऑर्डर गेली तर सहा महिन्यांची मेहनत तशीच पडंल रे."

"दोन मिनिटं दे," मी म्हणालो.

'पूर्ववत करा' दाबलं. माझा खोडलेला स्वल्पविराम परत आला. दाजी होते तिथंच. पुन्हा दाबलं, काहीच झालं नाही. मग मी इरेला पेटलो आणि दाजींचा फोटोच उचलून कचरापेटीत टाकला. आता अकरा जागी अकरा करडे चौकोन आले आणि त्यांत लिहिलेलं: 'प्रतिमा उपलब्ध नाही'.

या वेळी खुद्द दाजींचा फोन. शांतपणे म्हणाले, "सुरेश, मघाशी मी निदान होतो तरी."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पल्लवीनं फोन केला. "मामा, कशालाच हात लावू नका. माउस खाली ठेवा." मी ठेवला. सात मिनिटांत सगळ्या पैठण्या जागेवर आल्या आणि दाजी 'आमच्याविषयी'मध्ये अक्काच्या शेजारी बसले.

पण जालन्याच्या मंडळींचा फोटोंवरचा भरवसा तोवर उडाला होता. त्यांनी गाडी केली आणि संध्याकाळच्या आत थेट पैठण गाठलं. दारात दाजींना पाहून नवरीची मावशी हळूच म्हणाली, "हेच ते." मग आत बसून, हात लावून, पदर उलटापालटा करून त्यांनी तीन पैठण्या पसंत केल्या. दाजींनी स्वतः चहा केला.

मी अक्काला फोन केला. "बघ, माझ्यामुळं माणसं घरापर्यंत आली." तिनं फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मला 'जांभळी'तला एक अनुस्वार राहिलाय असं वाटलं, म्हणून पुन्हा आत शिरलो. बावीस नावांची ती रांग गायब होती. पल्लवीनं मला 'प्रशासक'वरून 'वाचक' करून टाकलं होतं. पडद्यावर एकच ओळ होती: 'तुम्हाला येथे काहीही बदलण्याची परवानगी नाही.'

त्या अख्ख्या यंत्रातलं हे पहिलं वाक्य, जे मला एका वाचनात कळलं.