वरणाची गाळणी

सातव्या महिन्यात माझ्या मुलीचं वजन वाढायचं थांबलं. आठवा लागला तरी काटा जागचा हलेना. लसीच्या कार्डावर वर चढत आलेली रेघ आडवी झाली.

मी हडपसरला नोकरीवर परत रुजू झाले होते. वारज्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर तिला सासूबाई सांभाळत. त्यासाठी त्या नागपूरकडचं आपलं घर बंद करून आल्या होत्या. मी मात्र बसमध्ये बसल्या बसल्या निकाल लावून टाकला, की भरवण्यात त्यांचंच काहीतरी चुकतंय. घरी गेल्यावर विचारायचे, सगळं संपवलं का? त्या रिकामी वाटी दाखवत. माझा विश्वास बसत नसे. मी तशी तिरसटच. तोंडाने बोलले नाही तरी भांडी आपटून सगळं कळवत होते.

शेवटी डॉक्टरबाईंनी सांगितलं, मुलगी जे खाते तेच डब्यात घालून आणा. सासूबाईंनी तो स्टीलचा डबा रिक्षात मांडीवर घट्ट धरला होता. बाईंनी चमचा बुडवून तिरका केला, तर सगळं ओघळून गेलं. मागे राहिला तो नुसता पिवळा ओलावा.

"हे वरणाचं पाणी आहे. यानं पोट भरतं, अंग भरत नाही," त्या म्हणाल्या. चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं, डाळ-भात मऊ शिजवून कुस्करायचा, वर तूप घालायचं, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, असं सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "गाळून कोण देतं?"

उष्टावणाच्या दिवशी मामाने भरवलेल्या खिरीचा मुलीला ठसका लागला होता. मी इतकी घाबरले, की दुसऱ्या दिवशी बारीक जाळीची गाळणी आणली आणि फर्मान काढलं, यापुढे सगळं गाळूनच. चोथ्यातच सगळं राहतं, असं सासूबाई एकदा म्हणाल्याही होत्या. मी त्यांना गप्प केलं होतं.

"मीच देते जी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातून पातळच होते."

बाईंनी त्यांना दोन शब्द सुनावले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले, आणि मी ऐकू दिले.

परतताना रिक्षात मी विचारलं, असं का सांगितलंत? त्या मुलीचं टोपडं सारखं करत राहिल्या. "लेकराच्या आईला चारचौघांत खाली पाहायला लावू नये," म्हणाल्या. मला फार लाज वाटली. रस्ताभर मी बाहेर बघत रडत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हाताने कुस्करलेला घट्ट वरणभात सुरू झाला. ठसका एखाददुसरा लागला, मुलगी सावरली. महिन्याने रेघ पुन्हा वर वळली. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान भरवलंत."

"भरवलं आईंनी," मी म्हणाले. "गाळणी माझी होती. त्या दिवशी त्या खोटं बोलल्या."

बाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघींकडे पाहिलं. सासूबाई पुटपुटल्या, हिला काही पोटात ठेवता येत नाही. मग मुलीला माझ्या कडेवर देताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.